तीन आठवड्यांची बंदी, सव्वीस वर्षांचा मुक्काम: कंब्रियाच्या मेंढ्या आणि चेर्नोबिलचं सीझियम

२० जून १९८६ रोजी ब्रिटनचे कृषिमंत्री मायकेल जॉपलिंग यांनी संसदेत एक घोषणा केली. वायव्य इंग्लंडमधला कंब्रिया आणि उत्तर वेल्स यांच्या काही भागांतल्या मेंढ्या तीन आठवडे दुसरीकडे हलवायच्या नाहीत आणि कापायच्याही नाहीत. कारण होतं चेर्नोबिल. तिथल्या अणुभट्टीचा स्फोट होऊन जेमतेम आठ आठवडे झाले होते आणि ती भट्टी या डोंगरांपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर होती. तीन आठवड्यांत कोकरांच्या मांसातलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य आपोआप मर्यादेखाली उतरेल, असा सरकारी शास्त्रज्ञांचा हिशोब होता. शेवटच्या शेतांवरची बंदी उठली ती १ जून २०१२ रोजी.

किरणोत्सारी द्रव्यं निसर्गातून फिरत माणसापर्यंत कशी येतात हे समजून घ्यायला मला हे प्रकरण खुद्द चेर्नोबिलपेक्षाही उपयोगी वाटतं. इथे ना आग, ना रिकामी झालेली शहरं. पाऊस, माती, गवत, मेंढी आणि ताट एवढ्याच पायऱ्या आहेत, आणि हिशोब नेमका कोणत्या पायरीवर चुकला ते बोट ठेवून दाखवता येतं.

पाऊस कुठे पडला

२६ एप्रिल १९८६च्या पहाटे चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली आणि पुढचे दहा दिवस त्यातून किरणोत्सारी द्रव्यं बाहेर येत राहिली. अनेक मूलद्रव्यं भट्टीच्या आसपासच पडली. आयोडीन आणि सीझियम मात्र उष्णतेने सहज वायुरूप होतात आणि मग बारीक कणांना चिकटून लांबचा प्रवास करतात. वारा आधी स्कँडिनेव्हियाकडे गेला, मग फिरला. २ मेच्या सुमारास तो ढग ब्रिटनवर आला.

कोरड्या हवेत असा ढग डोक्यावरून गेला तर खाली फारसं काही पडत नाही. पाऊस पडला की हवेतले कण धुऊन खाली येतात. इंग्लंडचा आग्नेय भाग त्या दिवसांत बराचसा कोरडा राहिला. कंब्रिया, उत्तर वेल्स आणि नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या डोंगरांवर मात्र २ आणि ३ मेला जोरदार सरी कोसळल्या. काही ठिकाणी दर चौरस मीटरला २०,००० बेक्वेरेलहून जास्त सीझियम-१३७ पडलं. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. नकाशावर या नोंदी ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. एका खोऱ्यात भरपूर, तर डोंगराच्या पलीकडे जवळजवळ काही नाही. वळवाचा पाऊस एका गावाला झोडपून शेजारचं गाव कोरडं ठेवतो, तसंच. ‘चेर्नोबिलपासून अमुक अंतरावर अमुक धोका’ असं वर्तुळ काढणं म्हणूनच फसवं असतं.

पहिल्या आठवड्यांत सगळ्यांचं लक्ष आयोडीन-१३१कडे होतं, आणि ते बरोबरच होतं. गवतावर आयोडीन पडतं, गाय दिवसभरात मोठ्या क्षेत्रातलं गवत खाते, ते एक-दोन दिवसांत दुधात उतरतं आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. बेलारूस, युक्रेन आणि रशियात हेच घडलं. तिथे त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाच्या ६,०००हून अधिक नोंदी झाल्या, आणि त्यामागे वेळेवर न थांबवलेलं दूध हे मोठं कारण होतं. ब्रिटनला ही वाट आधीपासून माहीत होती. ऑक्टोबर १९५७मध्ये याच कंब्रियाच्या किनाऱ्यावर विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. पण आयोडीन-१३१चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ, आठ दिवसांचा. दोन-तीन महिने धीर धरला की ते संपतं. सीझियम-१३७चा अर्धायुकाल तीस वर्षांचा आहे, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

तीन आठवडे आले कुठून

शास्त्रज्ञांचा तर्क ऐकायला बिनतोड होता. पावसाने पानांवर पडलेलं सीझियम पुढच्या पावसाने धुऊन जमिनीत जाईल. जमिनीत चिकणमातीचे कण ते पकडून ठेवतील. नवं गवत उगवेल ते स्वच्छ असेल. मेंढीच्या शरीरातलं सीझियम साधारण दहा दिवसांत निम्मं होतं, म्हणजे स्वच्छ गवत खाल्लं की तीन आठवड्यांत ते चौथाईच्या आसपास उतरायला हवं.

यातला चिकणमातीचा भाग खरा आहे, पण चिकणमाती असेल तिथेच. इलाइट नावाच्या खनिजाचे थर पानांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात. झिजलेल्या कडांपाशी हे थर किंचित उघडतात, आणि सीझियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, नेमका त्या फटीत जाऊन अडकतो. एकदा अडकला की मुळांना तो सहजासहजी मिळत नाही. अशा जमिनीत सीझियम पडलेलं असूनही पिकात फारसं येत नाही. सपाटीवरच्या शेतजमिनींचा अभ्यास हेच सांगत होता, आणि हिशोबात वापरलेली माहिती मुख्यतः तिथली होती.

कंब्रियाचे उंच डोंगर वेगळे आहेत. तिथे पीट आहे. थंडी, सततचा ओलावा आणि आम्लता यांमुळे वनस्पतींचे अवशेष पुरते कुजत नाहीत आणि त्यांचा काळा, स्पंजासारखा थर साचत जातो. त्यात खनिज चिकणमाती नाममात्रच. सीझियमला सेंद्रिय पदार्थ धरतात, पण ढिलाईने, दुसरा आयन आला की सोडून देतील असं. म्हणजे ते वाहून खोलही जात नाही आणि पक्कं बांधलंही जात नाही. वरच्या काही सेंटिमीटरांत राहतं, आणि मुळंही तिथेच असतात.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. आवर्तसारणीत सीझियम आणि पोटॅशियम एकाच गटात बसतात, आणि मुळांना या दोहोंतला फरक नीट कळत नाही. जमिनीत पोटॅशियम भरपूर असेल तर मूळ तेच उचलतं, सीझियमचा नंबर क्वचित लागतो. डोंगरावरच्या भुकेल्या, कधी खत न पाहिलेल्या जमिनीत पोटॅशियमची वानवा असते. तिथे मूळ समोर येईल ते घेतं. फुकुशिमानंतर जपानी शेतकऱ्यांनी भातखाचरांत जादा पोटॅश टाकलं ते याच कारणाने. कंब्रियात तसं करणं शक्य नव्हतं, कारण प्रश्न खाचरांचा नव्हता, मैलोन्‌मैल उघड्या माळाचा होता.

मग चक्र सुरू झालं. हेदर या माळावरच्या झुडपाच्या आणि रानगवताच्या मुळांनी सीझियम वर घेतलं, पानं वाळून पुन्हा पीटवर पडली, बुरशीच्या तंतूंनी ते धरून ठेवलं, पुन्हा मुळांकडे दिलं. बाहेर जायला वाट फक्त एक, मेंढीचं तोंड, आणि मेंढीही बरंचसं लेंड्यांतून तिथेच परत टाकते. तीन आठवडे संपले, आकडे उतरले नाहीत, काही ठिकाणी चढले. जुलैअखेरीस बंदी बेमुदत झाली. सर्वांत विस्तार होता तेव्हा ब्रिटनभर सुमारे ९,८०० शेतं आणि ४२ लाखांहून अधिक मेंढ्या तिच्या कक्षेत होत्या. मर्यादा होती मांसात किलोला १,००० बेक्वेरेल.

डोंगरावरची माणसं

इथल्या मेंढपाळीची एक गोष्ट आपल्याला अनोळखी वाटेल. आपल्याकडचा धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन मुलूख बदलतो. कंब्रियाच्या हर्डविक किंवा स्वेलडेल जातीच्या मेंढ्यांना डोंगराचा आपला तुकडा ठाऊक असतो. कुंपण नसतं, तरी त्या दुसऱ्याच्या हद्दीत फारशा जात नाहीत, आणि हे ज्ञान आईकडून कोकराला मिळतं. असा कळप मोडला तर बाजारातून नव्या मेंढ्या आणून तो उभा करता येत नाही. उन्हाळ्यात मेंढ्या वर, उन्हाळा सरताना कोकरं विक्रीला. खोऱ्यातलं चांगलं गवत थोडं असतं आणि ते हिवाळ्यासाठी राखावं लागतं. बंदीमुळे न विकलेली कोकरं तेच गवत खाऊ लागली.

लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या शेतकऱ्यांशी बोलून जे लिहिलं ते विज्ञान आणि समाज यांच्या अभ्यासात आज पाठ्यपुस्तकी उदाहरण झालं आहे. शास्त्रज्ञांनी सल्ला दिला, मेंढ्या खाली खोऱ्यात ठेवा, तिथलं गवत कमी दूषित आहे. रसायनशास्त्र म्हणून सल्ला अचूक होता. पण ते गवत संपल्यावर हिवाळ्यात काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. पेंढा खायला घाला असंही सुचवलं गेलं. डोंगरातली मेंढी पेंढ्याकडे ढुंकून पाहत नाही, हे तिथल्या शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

बेंटोनाइटचा प्रयोग तर फारच बोलका. ही चिकणमाती सीझियम पकडते, म्हणून ती डोंगरावर वेगवेगळ्या प्रमाणात पसरून बघायचं ठरलं. प्रयोग नीट व्हावा म्हणून जमिनीचे चौकोन आखून त्यांना कुंपणं घातली आणि प्रत्येकात मेंढ्या सोडल्या. शेतकरी म्हणाले, उघड्या डोंगरावर फिरणारी मेंढी कोंडलीत तर खंगेल, आणि खंगलेल्या मेंढीचे आकडे कशालाच लागू पडणार नाहीत. कुणी मनावर घेतलं नाही. काही महिन्यांनी प्रयोग याच कारणाने गुंडाळला. इथे मला शास्त्रज्ञांची टिंगल करायची नाही. इलाइट, पीट, पोटॅशियम हे सगळं पुढे त्यांनीच शोधून मांडलं. पण द्रव्याच्या वाटेवर मेंढी ही एक पायरी होती, आणि त्या पायरीचे जाणकार खोलीत नव्हते.

शेजारच्या चिमण्या

शेतकऱ्यांच्या मनात एक संशय आणखी होता. विंडस्केलचं नाव आता सेलाफील्ड झालं होतं, पण अणुकेंद्राच्या चिमण्या त्याच होत्या आणि काही माळांवरून दिसत होत्या. हे सीझियम खरंच युक्रेनहून आलं, की इथे आधीपासूनच होतं?

याचं उत्तर देता येतं, आणि ते सुंदर आहे. अणुभट्टीत सीझियम-१३७ बरोबर सीझियमचाच दुसरा प्रकार, सीझियम-१३४ही तयार होतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे दोन वर्षांचा. अणुबाँबच्या स्फोटात ते जवळजवळ तयार होत नाही, आणि १९५७च्या आगीतलं जे काही असेल ते १९८६पर्यंत केव्हाच संपलेलं. चेर्नोबिलच्या ढगात या दोहोंचं प्रमाण साधारण एकास दोन होतं. म्हणजे नमुन्यात जितकं १३४ सापडेल त्याच्या दुप्पट १३७ चेर्नोबिलचं धरायचं, आणि उरेल ते जुनं.

अधिकाऱ्यांनी आधी ठासून सांगितलं की हा चेर्नोबिलचाच शिक्का आहे. नंतर मान्य करावं लागलं की इथल्या सीझियमपैकी साधारण निम्मंच चेर्नोबिलचं. बाकीचं बाँबचाचण्यांचं आणि १९५७च्या आगीसारख्या जुन्या स्रोतांचं. बाँबचाचण्यांची धूळ सर्वांत जास्त पडली ती १९६३च्या आसपास. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पडलेलं सीझियम याच पीटमध्ये, मुळांच्या टप्प्यात, फिरत होतं. ‘इथे पडलेलं सीझियम किती दिवस टिकेल?’ या प्रश्नाचं उत्तर १९८६च्या जूनमध्ये डोंगरावर तयार होतं. तीन आठवड्यांचा हिशोब मांडताना ते कुणी तपासलं असतं, तर पहिल्याच दिवशी बेमुदत म्हणता आलं असतं. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते. डोंगरातला माणूस सरकारी आकड्यावर पुढे वर्षानुवर्षं विश्वास ठेवायला बिचकला, तो यामुळे.

रंगाची खूण

शेवटी जी व्यवस्था लागली ती मात्र शहाणपणाची होती. मेंढीचं शरीर सीझियम लवकर सोडतं, तेव्हा डोंगर स्वच्छ होण्याची वाट पाहायची गरजच नाही. शेतकऱ्याला मेंढी हलवायची असेल तर तपासनीस येऊन तिच्या पुठ्ठ्यावर हातातलं मोजणीयंत्र धरायचा. सीझियमचे गॅमा किरण कातडीबाहेर येतात, म्हणून जिवंतपणीच अंदाज लागतो. आकडा जास्त आला तर मेंढीवर रंगाची खूण. ती सपाटीवरच्या कुरणात विकता येई, पण खूण असेतोवर खाटकाकडे नाही. काही आठवडे सपाटीचं गवत खाल्लं की मांस मर्यादेखाली. तपासणीच्या खटाटोपापोटी शेतकऱ्याला मेंढीमागे १ पौंड ३० पेन्स मिळत. रंग लागलेल्या मेंढीचा भाव पडायचा, तेव्हा हे पैसे पुरत असतील असं वाटत नाही.

नॉर्वेने वेगळा मार्ग घेतला. प्रशियन ब्लू हे निळं रंगद्रव्य आतड्यात सीझियमला धरतं आणि विष्ठेवाटे बाहेर नेतं. ते मिठाच्या ढेपेत मिसळून जनावरांना चाटायला ठेवलं गेलं. तिथल्या सामी लोकांच्या रेनडिअरचा प्रश्न आणखी बिकट होता. त्यांचं हिवाळ्यातलं खाणं म्हणजे लायकेन, म्हणजे दगडफूल. त्याला मुळं नसतात. ते पावसातून आणि हवेतूनच पोषण घेतं, म्हणजे हवेतलं सीझियम थेट त्याच्या अंगात. नॉर्वेने नोव्हेंबर १९८६मध्ये रेनडिअरच्या मांसाची मर्यादा किलोला ६०० बेक्वेरेलवरून ६,०००वर नेली. नाही तर त्या लोकांचा व्यवसाय आणि जगणंच बंद पडलं असतं.

मुंबईत आलेलं लोणी

या ढगाचा एक धागा मुंबईपर्यंत आला होता. युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीतून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला मिळालेलं २०० टन आयरिश लोणी इथे आलं, आणि ते चेर्नोबिलने दूषित आहे म्हणून काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान ऑगस्ट १९८७मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने अन्नपदार्थांतल्या किरणोत्सारासाठी मर्यादा ठरवल्या होत्या. न्यायालयाने एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव यांची समिती नेमली. या मर्यादेतले पदार्थ खायला सुरक्षित आहेत असा निर्वाळा समितीने दिला आणि १९८८मध्ये प्रकरण मिटलं.

लोकांची भीती समजण्यासारखी होती. पण दुधातलं सीझियम कुठे जातं ते पाहिलं, तर लोणी हा संशयाच्या यादीत शेवटचा पदार्थ ठरतो. सीझियम पाण्यात विरघळतं, स्निग्धात नाही. घुसळलं की ते ताकात राहतं. दुधातल्या एकूण सीझियमपैकी शंभरातला एखाद-दुसरा भाग लोण्यात येतो, आणि तोही लोण्यात उरलेल्या पाण्याबरोबर. कढवून तूप केलं की जवळजवळ काहीच उरत नाही. विचारायचंच असेल तर दूध पावडरीबद्दल विचारायला हवं होतं. युरोपच्या मदतीत तीही यायची, आणि एक किलो पावडरीत दहा-अकरा लिटर दुधातलं सीझियम एकवटतं, पुन्हा पाणी घातल्यावर ते पातळ होतं हे खरं असलं तरी. याचा टोकाचा नमुना जर्मनीत दिसला. बव्हेरियातल्या चीजच्या कारखान्यांतून उरलेल्या निवळीची सुमारे ५,००० टन पावडर इतकी दूषित निघाली की ती रेल्वेच्या वाघिणींत भरून ठेवावी लागली आणि सरकारला ती १९९०पर्यंत शुद्ध करत बसावं लागलं. चीज खाल्लं गेलं, सीझियम निवळीत राहिलं.

आकडा नेमका कशाचा

किलोला १,००० बेक्वेरेल असलेलं मांस एखाद्याने वर्षभरात दहा किलो खाल्लं, तर त्याला सुमारे ०.१३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं माप. जमीन, हवा आणि अवकाश यांतून माणसाला निसर्गतः वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. म्हणजे मर्यादेवरचं मांस खाऊनही भर पडते ती पाच-सहा टक्क्यांची.

उत्तर आयर्लंडमधली बंदी २०००मध्ये उठली, स्कॉटलंडमधली २०१०मध्ये. उरली होती उत्तर वेल्समधली ३२७ शेतं आणि कंब्रियातली ८. सीझियम-१३७ तोवर क्षयामुळे जेमतेम पंचेचाळीस टक्के घटलं होतं. त्यामुळे पीट स्वच्छ झालं असा दावा ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने केला नाही. तिने हिशोबाची बाजू बदलली. किलोमागे किती बेक्वेरेल यापेक्षा, प्रत्यक्ष खाणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला किती मात्रा येते हे तपासलं, आणि धोका इतका कमी निघाला की तपासणी चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. हा गुणाकार १९८६मध्येही करता आला असता. पण तेव्हा मांसातला आकडा कुठवर चढेल आणि किती वर्षं तिथे राहील हे सांगणारं, पीटवर घेतलेलं, एकाही वर्षाचं मोजमाप हाताशी ठेवलेलं नव्हतं.